पेटीने गप्प राहावे म्हणून

१७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी हैदराबादच्या रेडिओवरून निझाम मीर उस्मान अली खान स्वतः बोलला आणि संस्थानाची लढाई संपल्याचे लोकांना कळले. भारतीय सैन्य दोन दिवस आधी, १५ तारखेलाच, जालन्यात शिरले होते. जालना तेव्हा जिल्हा नव्हता. औरंगाबाद जिल्ह्यातला तो एक तालुका होता, मनमाड-काचीगुडा मीटरगेज मार्गावरची एक मोठी बाजारपेठ. मराठवाडा मुक्तीची ही संध्याकाळ सत्याग्रही, सैनिक, रझाकार अशा सगळ्यांच्या बाजूंनी लिहिली गेली आहे. मला त्या संध्याकाळच्या एका वस्तूविषयी लिहायचे आहे. निझामाचा आवाज ज्यातून बाहेर पडला ती लाकडाची पेटी, रेडिओचा खोका.

त्या काळचा घरगुती रेडिओ म्हणजे पातळ प्लायचा, वरून अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा चढवून पॉलिश केलेला खोका. पुढे कापड, कापडामागे कागदी कोनाचा एकच स्पीकर, आणि मागच्या बाजूला भोके पाडलेला पुठ्ठा. आतल्या व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जावी म्हणून पाठ जवळपास उघडीच असे. अशा पेटीतून पुरुषाचा आवाज आला की तो मूळ आवाजापेक्षा भारदस्त वाटायचा, कारण माणसाबरोबर पेटीही बोलत असे. बाजूच्या फळ्या काहीशे हर्ट्झच्या परिसरात आपापल्या सुरात थरथरायच्या आणि प्रत्येक शब्दाला थोडे शेपूट लावायच्या. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे, ‘डब्यातून बोलल्यासारखा आवाज’. १९५५ च्या १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, तेव्हा लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. सुधीर फडके यांचा स्वर त्या श्रोत्यांपर्यंत पोचला तो अशाच पेट्यांमधून, फळ्यांची भर घेऊन. मराठी माणसाच्या दोन पिढ्यांचा कान या भरीवर वाढला. रेडिओचा आवाज ‘भरलेला’ असतो ही समजूत अजूनही जुन्या माणसांच्या बोलण्यात भेटते.

घरात संगीत ऐकण्याच्या उत्तम यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा कोन, चुंबक आणि अॅम्प्लिफायर यांच्याभोवती लिहिला जातो. माझ्या मते त्यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मानवी प्रकरण पेटीचे आहे. शंभर वर्षे झाली, माणसे या पेटीला गप्प बसवू पाहत आहेत.

सुरुवातीला ती नुसते फर्निचर होती. १९०६ मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोनचा कर्णा दुमडून कपाटात लपवला आणि त्या यंत्राला व्हिक्ट्रोला म्हटले. दिवाणखान्यात भलामोठा भोंगा नको, एवढाच त्यामागचा विचार. कपाटाने आवाजाचे काय होते हा प्रश्न उद्भवला तो विजेवर चालणारा कोन आला तेव्हा. १९२४-२५ मध्ये स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना बनवला. कागदी कोन, त्याला जोडलेली तारेची गुंडाळी, मागे चुंबक. नुसता कोन हवेत धरून वाजवला तर खर्ज येतच नाही हे त्यांना उमगले. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना भेटतात आणि संपतात. त्यांना वेगळे ठेवायला मध्ये आडवी फळी हवी. पण केवढी? ५० हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे ७ मीटर लांब असते, म्हणजे तो स्वर टिकवायला साधारण साडेतीन मीटर लांब-रुंद फळी लागेल. इतकी मोठी फळी कोणाच्या घरात मावणार? म्हणून फळीच्या कडा मागे दुमडल्या आणि खोका झाला. १९२६ मध्ये त्यांचा स्पीकर ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला, किंमत २५० डॉलर.

कडा दुमडल्या तरी प्रश्न सुटला नाही. मागची लाट आता पेटीत होती, तिचे करायचे काय हे ठरायचे होते. एक वाट पेटी पूर्ण बंद करण्याची. दुसरी बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना सुचली. पेटीला हिशेबाने एक भोक ठेवायचे, म्हणजे आतली हवा ठरावीक सुरात डोलू लागते आणि मागची लाट उलटून, समोरच्या लाटेला साथ देत बाहेर येते. १९३० मध्ये अर्ज केलेले हे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. आजही बाजारातल्या बहुसंख्य स्पीकरच्या पुढे किंवा मागे जे गोल छिद्र दिसते ते थुरास यांचे. पुढची तीस वर्षे मात्र ते अंदाजपंचेच पाडले जात होते. भोक किती मोठे आणि पेटी केवढी, याचे नीट गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिएल यांनी मांडले, आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरे केले.

दरम्यान पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनिअरने तिसरीच दिशा धरली. दुसऱ्या महायुद्धात तो आर्कान्सामधल्या होप या लहानशा गावी लष्कराच्या चाचणी केंद्रात होता. युद्ध संपल्यावर तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने कोपऱ्यात ठेवायचा कर्णा बनवायला घेतला. कर्ण्याची वाट पेटीच्या आत घड्या घालत जाते आणि शेवटचा, सर्वांत रुंद भाग खोलीच्या दोन भिंती पुरवतात. इथे घरच पेटीचा भाग झाले. क्लिप्शहॉर्न १९४६ पासून बनतो आहे. पण त्याच्या जोडीला दोन मोकळे, भक्कम कोपरे लागतात. आपल्याकडच्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात कपाट असते, तेव्हा इथे ते गणित जमत नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी पेटीच्या भिंतीकडे लक्ष वळवले. माझ्या दृष्टीने या कथेतला हा सर्वांत लोभस माणूस. कापडाच्या व्यापारात उमेदीची वर्षे गेली, आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९३२ मध्ये, इल्कली इथल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला स्पीकर केला. ते राहत त्या खोऱ्याचे नाव कंपनीला दिले, व्हार्फडेल. ब्रिग्ज यांना पियानोचे वेड होते. पियानोच्या पोटातली फळी कशी थरथरते आणि ती थरथर हेच पियानोचे संगीत कसे, हे त्यांना ठाऊक होते. स्पीकरमध्ये तीच थरथर नको असते, हेही म्हणूनच त्यांना इतरांच्या आधी जाणवले असावे. प्लायच्या दोन पातळ फळ्या घ्यायच्या, मध्ये फट ठेवायची आणि ती फट कोरड्या वाळूने भरायची, ही त्यांची युक्ती. फळी हलू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि हालचालीची शक्ती उष्णतेत विरते. त्यांनी विटांच्या पेट्याही सुचवल्या, खोलीच्या कोपऱ्यात चक्क बांधून काढायच्या. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी भरल्या सभागृहात प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हाच प्रयोग झाला.

विटांची पेटी ऐकून मराठवाड्यातल्या माणसाला नवल वाटू नये. आपल्याकडची जुनी माळवदाची घरे पाहा. पांढऱ्या मातीच्या हात-दोन हात जाड भिंती, वर लाकडी सर आणि मातीचा थर. अशा भिंतीतल्या कोनाड्यात स्पीकर बसवला असता तर त्याच्या पाठीमागे हलण्यासारखे काही उरलेच नसते. ब्रिग्ज विटा रचून जे मिळवू पाहत होते ते आपल्या घरांत आयतेच होते. आपल्याकडे कमी होती ती स्पीकरची. पुढे स्पीकर आले तेव्हा मातीच्या घरांची जागा सिमेंटने घेतली होती.

१९५४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. तोवर कोन आपल्या कडक कडेवर ताणलेला असे. विल्चर यांनी ती कड मऊ केली आणि कोनाला जागेवर आणायचे काम बंद पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी एकसारखी वागते. पहिल्या नमुन्यासाठी त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीचे कापड वापरून ती मऊ कड तयार करून दिली. प्रस्थापित कंपन्यांनी कल्पना नाकारली. मग विल्चर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे अॅकूस्टिक रिसर्च कंपनी काढली. त्यांचा एआर-१ अंदाजे ५० लिटरचा होता आणि कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवील असा खर्ज देत होता. याची किंमत मोजावी लागली ती शक्तीत, कारण त्याला मोठा अॅम्प्लिफायर लागे. पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हे बंधन कोणत्याही लाकडाने किंवा धातूने सुटलेले नाही. १९५८ नंतर स्टिरिओ तबकड्या आल्या, घरात एकाऐवजी दोन पेट्या मांडायची वेळ आली आणि लहान पेटीचा पक्ष जिंकला.

पेटी लहान झाली तशी एक जुनी खोड अधिक ऐकू येऊ लागली. साठ सेंटिमीटर उंच आणि तीस सेंटिमीटर खोल अशी बाजूची एक फळी घेतली तर तिचे क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटिमीटर भरते. आठ इंची कोनाचे क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर. फळी कोनाच्या आठपट मोठी आहे, आणि अशा चार-पाच फळ्या प्रत्येक पेटीत असतात. फळी केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी हलली तरी एवढ्या मोठ्या अंगाने ती हवा ढकलते. शिवाय तिचे हलणे उशिराने थांबते. कोन गप्प झाल्यावरही ती काही क्षण बोलत राहते.

उशिराच्या या बोलण्याचा पाठलाग बीबीसीने केला. संस्थेच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९४६ मध्येच एक पद्धत मांडली होती. स्पीकरला दिलेला स्वर एकाएकी तोडायचा आणि नंतरच्या क्षणांत काय उरते ते मोजायचे. स्वर चालू असताना सपाट आणि निर्दोष दिसणारा आलेख, स्वर तोडल्यावर डोंगरकडे दाखवू लागतो. हे डोंगर म्हणजे पेटी आणि कोन यांची स्वतःची बडबड. सरे परगण्यातल्या किंग्जवूड वॉरन या जुन्या वाड्यात बीबीसीचा संशोधन विभाग होता. तिथे शॉर्टर यांच्यानंतर डडली हारवूड आणि त्यांचे सहकारी हे काम पुढे नेत राहिले.

त्यांना हे काम का करावेसे वाटले? बीबीसीकडे दिवसभर माणसे बोलत असत. स्टुडिओत निवेदक बसलेला, काचेपलीकडे नियंत्रण कक्षात स्पीकर. मधले दार उघडून निवेदकाचा खरा आवाज ऐकायचा, दार लावून स्पीकरचा ऐकायचा आणि पुन्हा दार उघडायचे. वाद्यवृंद कसा वाजला पाहिजे याबाबत दहा जणांची दहा मते पडतील. पण ज्या माणसाशी आपण आत्ताच चहा पिताना बोललो त्याचा आवाज बदलला आहे की नाही, हे कोणीही सांगू शकतो. पुरुषाच्या बोलण्यात फळ्यांचा सूर सर्वांत आधी पकडला जातो. छातीतून आल्यासारखा, नाकातून आल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा आवाज लपून राहत नाही. गाण्यात हे दोष मुरून जातात. बोलणे मात्र उघडे असते. मला बीबीसीच्या कामाचे मोठेपण वाटते ते या निवडीत. त्यांनी यंत्रे वापरलीच, पण शेवटचा निवाडा ओळखीच्या माणसाच्या आवाजावर सोपवला.

या पद्धतीने ऐकताना एक अनपेक्षित गोष्ट वर आली. सगळ्यांची समजूत होती की फळी जितकी जाड तितकी पेटी गप्प. प्रत्यक्षात जाड फळीचा सूर नाहीसा होत नाही, तो वर सरकतो आणि कान जिथे अधिक तीक्ष्ण असतो त्या पट्ट्यात जाऊन बसतो. शिवाय जाड फळीला आवरायला तितकेच जाड डांबरी अस्तर लागते, ते कोणी लावत नाही. त्यामुळे फळीचा सूर बारीक पण लांब वाजत राहतो. उलट ९ मिलिमीटरच्या बर्च प्लायला आतून डांबरी फेल्टचे थर चिकटवले तर फळीच्या मानाने अस्तर जड होते. फळीचा सूर खाली उतरतो, पसरतो आणि लगेच विझतो. ती हलते, पण रेंगाळत नाही. हारवूड आणि आर. मॅथ्यूज यांनी १९७७ च्या अहवालात हे तपशिलाने मांडले. कोणता कंप किती क्षीण झाला की कानाला कळेनासा होतो, याच्या मर्यादाही त्यांनी ऐकणाऱ्या माणसांवर प्रयोग करून ठरवल्या होत्या.

त्या आधीच या विचारातून एक चिमुकली पेटी जन्मली होती. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी बीबीसीच्या ज्या गाड्या फिरत, त्यांच्यात बसेल एवढा स्पीकर हवा होता. तो झाला एलएस३/५ए. फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, सव्वासहा इंच खोल. १२ मिलिमीटरची बर्च प्लाय, आतून डांबरी अस्तर आणि केईएफ कंपनीचे दोन छोटे स्पीकर. पुढची आणि मागची फळी गोंदाने न चिकटवता स्क्रूने आवळलेली, कारण स्क्रूच्या सांध्यातही थोडी घासाघीस होते आणि थरथर तिथे मरते. बीबीसीने स्वतः विकायला न काढता परवाने दिले आणि रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल अशा कंपन्यांनी तो बनवला.

या पेटीच्या उत्पादनातला एक प्रसंग प्रत्येक सुताराला सांगावा असा आहे. काही पेट्यांचा आवाज अचानक बिघडलेला आढळला. स्पीकर तेच, जोडणी तीच, मापे तीच. शोध घेता घेता इंजिनिअर पेटीच्या आतल्या कोपऱ्यांत फळ्या जोडायला लावलेल्या बारीक पट्ट्यांपर्यंत पोचले. मूळ नमुन्यात त्या बीच या कठीण लाकडाच्या होत्या. तयार मालात त्यांची जागा पाराना पाइन नावाच्या हलक्या लाकडाने घेतली होती. बोटभर रुंदीची, कोणाच्या नजरेला न पडणारी पट्टी. बीच परत आणले आणि आवाज परत आला. तेव्हापासून त्या पट्टीचे लाकूड आराखड्यात सक्तीचे झाले.

बीबीसीच्या या मंडळींपैकी काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि आपापल्या पत्नीचे नाव त्यात गुंफले. स्पेन्सर ह्यूज यांनी स्पेन्सर आणि डोरोथी मिळून स्पेंडॉर केले, आणि हारवूड यांनी १९७७ मध्ये हारवूड आणि एलिझाबेथ मिळून हारबेथ. या दोन्ही घराण्यांच्या पेट्या आजही पातळ भिंतीच्या असतात. त्यांच्यावर टिचकी मारली तर एक छोटा मऊ ‘ठप्’ येतो.

इथे मिरजेची आठवण अपरिहार्य आहे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी बनवणारे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडतात, तो वाळवतात, चिरतात, आतून साफ करतात. तबलीची जाडी बोटांनी वाजवून ठरवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली सगळी विद्या भोपळा जास्तीत जास्त कसा बोलेल याची आहे. तार छेडल्यावर कंप विझता कामा नये, तो जवारीवर फुलत गेला पाहिजे. स्पीकरची पेटी त्याच्या थेट उलट टोकाला उभी आहे. तिच्यातून तंबोरा वाजायचा असेल तर तंबोऱ्याचे लाकूड ऐकू यावे, पेटीचे नव्हे. म्हणूनच ‘लाकडी पेटीचा आवाज वाद्यासारखा गोड’ असे विक्रेते सांगतात तेव्हा मला ते पटत नाही. सतारीला एकच आवाज असतो आणि तो आयुष्यभर पुरतो. स्पीकरला सकाळी भीमसेन, दुपारी सनई आणि रात्री बातम्या ऐकवायच्या असतात. स्वतःचा सूर असलेली पेटी या तिघांनाही एकच रंग फासेल.

ऐंशीच्या दशकात ताठ भिंतीचा पक्ष नव्या साहित्याने परत आला. सेलेस्टियनने एसएल६०० साठी विमानात वापरतात तसा अॅल्युमिनियमचा षट्कोनी जाळीचा पत्रा घेतला. पेटीची भिंत कुठे किती हलते हे लेसरच्या साहाय्याने पाहणे तोवर शक्य झाले होते. बी अँड डब्ल्यूचे लॉरेन्स डिकी यांनी भिंती जाड न करता पेटीच्या पोटात आडव्या-उभ्या फळ्यांची जाळी गुंफली. तिला त्यांनी मॅट्रिक्स म्हटले. अमेरिकेत ध्वनिमुद्रण करणाऱ्या डेव्हिड विल्सन यांना बरोबर नेता येईल असा छोटा स्पीकर हवा होता. १९८६ मध्ये त्यांनी काढलेल्या वॉट या स्पीकरची पेटी आकाराने लहान आणि दगडासारखी जड होती. या तिन्ही घरांनी आपापल्या मार्गाने पेटीचा सूर इतका वर किंवा इतका क्षीण केला की तो संगीतात सापडू नये. खर्च अफाट होता, आणि महागड्या घरगुती स्पीकरच्या किमतीचा मोठा वाटा कोनाकडून पेटीकडे सरकला तो याच दशकात.

आकाराचा प्रश्न याहून जुना. आरसीएचे हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये एकच छोटा स्पीकर वेगवेगळ्या बारा आकारांच्या पेट्यांत बसवून मोजला. गोल, नळकांडे, शंकू, घन, चौकोनी खोका. गोलातून निघालेला आवाज सर्वांत एकसारखा होता, घनातून बराच खडबडीत. टोकदार कडेवर लाट आपटते आणि ती कड दुसऱ्या स्पीकरसारखी वागू लागते, हे त्याचे कारण. एवढे स्वच्छ उत्तर हाती असूनही पुढची चाळीस वर्षे जग चौकोनी खोकेच बनवत राहिले, कारण करवतीला सरळ रेघ सोपी असते आणि खोका भिंतीला टेकतो. १९९३ मध्ये डिकी यांनीच नॉटिलस काढला. शंखासारखा वळलेला, मागे निमुळत्या नळ्या असलेला. मागची लाट त्या नळीत जाता जाता विरते, परत कोनावर येऊन आदळत नाही. त्याच वर्षी इटलीच्या विचेंझा इथल्या फ्रँको सेर्ब्लिन यांच्या सोनुस फाबेरने ग्वार्नेरी हा स्पीकर क्रेमोनाच्या व्हायोलिनकारांना वाहिला. लाकडाचे अनेक तुकडे जोडून केलेल्या त्याच्या वळणदार भिंती तंतुवाद्याची आठवण करून देतात. पण वळण आणि तुकड्यांमधले सांधे यांमुळे ती भिंत सपाट फळीपेक्षा ताठ आणि मुकी होते. वाद्याचे रूप घेऊन त्यांनी वाद्याच्या नेमके उलट काम साधले, आणि माझ्या मते सौंदर्य आणि शास्त्र इतके जवळ फार थोड्या पेट्यांत आले आहे.

पेटीच नको, असा एक पंथ आहे. १९५७ मध्ये पीटर वॉकर यांनी क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विकायला काढला. ताणून बसवलेला एक पातळ पडदा, दोन्ही बाजूंनी उघडा. भिंतच नसल्याने ‘डब्यातला आवाज’ मुळात येत नाही. खर्ज मात्र राइस-केलॉग यांच्या जुन्या अडचणीत सापडतो, पुढची आणि मागची लाट कडेवरून भेटतेच. या पंथाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. पुण्यात केडन्स या नावाने असे संकरित स्पीकर बनले आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशांतही विकले गेले. वरचे स्वर उघड्या पडद्यातून आणि खर्ज लाकडी पेटीतल्या कोनातून, अशी त्यांची रचना. एकाच वस्तूत पेटीही आहे आणि पेटीचा अभावही आहे. बोलणे आणि गाणे ज्या पट्ट्यात असते त्याचा बराच भाग पडद्याकडे देऊन त्यांनी फळ्यांचा त्रास बाजूला काढला.

जालना, अंबड, परतूर अशा गावांत राहणाऱ्या हौशी माणसाला लाखांच्या पेट्या घेणे परवडत नाही, पण इथे चांगले सुतार आहेत, आणि बीबीसीचा मार्ग सुताराच्या आवाक्यातला आहे. सुतार पहिल्यांदा १९ मिलिमीटरची प्लाय सुचवेल, मजबुतीसाठी. त्याला ९ किंवा १२ मिलिमीटरची गर्जन प्लाय मागावी, पाण्याला टिकणारी. एमडीएफ एकजिनसी असला तरी पावसाळ्यात कडेने फुगतो आणि एकदा काढलेला स्क्रू पुन्हा घट्ट धरत नाही. गच्चीच्या गळतीवर लावतात ते डांबरी फेल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फळीच्या आतल्या बाजूला त्याचे दोन-तीन थर नीट चिकटवावेत, कडेपेक्षा मध्यभागी अधिक, कारण फळी मध्यावर सर्वांत जास्त हलते. कोपऱ्यांतल्या पट्ट्यांना साग किंवा शिसव घ्यावे, पॅकिंगच्या खोक्याचे देवदार नको. मागची फळी स्क्रूनेच आवळावी आणि फटीत फोमची पट्टी द्यावी, म्हणजे हवा सुटत नाही.

पेटी झाली की घरातल्याच कोणाला तरी अंगणात उभे करून, भिंतींपासून लांब, मोबाइलवर दोन मिनिटे बोलणे टिपून घ्यावे. आजोबा असतील तर उत्तम, खालच्या पट्टीतला आवाज लागतो. मग ते टिपलेले बोलणे पेटीतून वाजवावे आणि आजोबांना पेटीशेजारीच बसवून तेच वाक्य पुन्हा बोलायला सांगावे. पेटीतले आजोबा जास्त जाड वाटले तर मागची फळी उघडून आधी बाजूच्या दोन मोठ्या फळ्यांवर फेल्टचा आणखी एक थर द्यावा. तेवढ्याने भागले नाही तर त्या दोन फळ्यांच्या मधे एक आडवी पट्टी ठोकावी, बरोबर मध्यावर न ठेवता थोडी बाजूला, म्हणजे फळीचे दोन्ही भाग एकाच सुरात बोलत नाहीत.